आई खूप हसली

गेलं वर्ष आईच्या आजारपणात गेलं. औषधांच्या वेळा, तपासण्या, कोण कधी भेटायला येणार, सगळं मी एका वहीत लिहीत असे. तिच्या पलंगाशेजारी बसून आम्ही टीव्हीवर ओटीटीचे सिनेमे पाहायचो, तेही वहीच्या मागच्या पानांवर तारीख आणि गुणांसकट उतरायचे. आई गेल्यावर मी एकटीच पाहत राहिले.

परवा आवडत्या सिनेमांची यादी करायला बसले. पहिला नंबर ठरलेलाच होता. सायकलवर बदक घेऊन गावोगाव फिरणाऱ्या न्हाव्याचा तो सिनेमा मला गेल्याच आठवड्यात सापडला होता. दहापैकी नऊ गुण. सहज मागची पानं उलटली, तर तोच सिनेमा मार्चमध्येही लिहिलेला. चार गुण. पुढे माझ्याच अक्षरात, ‘आई खूप हसली.’

मी हादरले. मार्चमध्ये तो पाहिल्याचं आठवत नव्हतं, तिचं हसणंही नाही. लिहिलेलं जपलं जातं, या भरवशावर मी आयुष्यभर वह्या भरल्या. मग काय लिहिता लिहिता मी डोक्यातून ते पुसत होते?

मुलीला फोन केला. “रेवा, त्या बदकाच्या सिनेमात आजी कुठे हसली होती गं?”

“मला काय विचारतेस, आई? मी हॉस्टेलवर होते. खोलीत तूच होतीस ना!”

सिनेमा पुन्हा लावलाय. दर दोन मिनिटांनी थांबवते आणि स्वतःलाच विचारते, इथे हसली असेल?