धुक्यात भिरकावलेला दगड

काल टीव्हीवरच्या भुताच्या सिनेमात धुकं पसरलं आणि नात मला बिलगली. माझी मात्र मूठ आवळली गेली.

लहानपणी असाच एक सिनेमा पाहिला आणि दुसऱ्या दिवशी पहाटे भातकापणीला खारबावच्या शेतावर गेले. ओल्या पेंढ्याचा वास आणि दाट धुकं. बांधावरून पांढऱ्या डोक्याचं काहीतरी हळूहळू माझ्याकडेच येत होतं. सिनेमात भूत अगदी असंच यायचं! मी किंचाळले आणि दगड भिरकावला.

भूत कसलं! ती माझी आत्या होती. डोक्यावर पांढऱ्या फडक्यात आमच्या भाकऱ्या, कपाळातून रक्ताची धार.

तिने जखमेवर पदर दाबला आणि मलाच जवळ ओढलं. "भ्यालीस का गं पोरी? मी हाय ना."