मालवणातले दोन गॉथ

‘काळो शर्ट घालून इलंस तर दारात उभो करूचंय नाय तुका!’ फोन उचलताच शुभाताई ओरडली. माझ्या मित्राची, पद्याची, ही मोठी बहीण. शर्टाचं काय काढलंयस म्हणून विचारलं, तेव्हा कळलं... पद्या गेला होता. झोपेतच.

त्या फोनाला आता काही आठवडे झाले. मी शेजाऱ्याचा पांढरा शर्ट घालून गेलो. माझ्या कपाटात पांढऱ्या अशा फक्त डांबरगोळ्या.

कॉलेजात पद्यानं हे गॉथचं विलायती खूळ कुठूनसं आणलं आणि मला त्यात ओढलं. डोळ्यांत काजळ, कानात रडकं संगीत आणि भर मे महिन्यात धक्क्यावर पायघोळ काळे कोट. घाम इतका गळे की भरती आली समजून होड्या सुटत. पण गॉथ म्हणजे नेमकं काय, हे पद्याला कधी सांगता आलं नाही. आज म्हणे, कपडे झूट, संगीत खरं. उद्या संगीतही झूट, मरणाकडे बघायची नजर खरी. मग शाखा निघाल्या. व्हिक्टोरियन, रोमँटिक, सायबर, डेथरॉक... माणसं दोन आणि शाखा भावकीपेक्षा जास्त. प्रत्येक शाखेतून तो मला काढून टाकी. ‘तू खरो गॉथ न्हय रे. नेलपॉलिश लावून नखां काळी करतंस.’ म्हणून मी वेंगुर्ल्याला, मामाच्या काजू कारखान्यात, टरफलाच्या तेलात बोटं बुडवली. नखं काळी झाली, कातडीही सोलवटली. त्यानं हात उलटसुलट पाहिला. ‘आता जरा जवळ इलंस,’ म्हणाला. तेवढ्यावर मी अर्धं आयुष्य काढलं.

पुढे वैभववाडीची मंडळी त्याला बघायला आली. कुणीतरी आमचा काळ्या कोटांतला जुना फोटो पुढे केला. पद्या सहज म्हणाला, ‘ता दशावतारातला सोंग. ह्येच्या नादान एकदा रंगलंय.’ बोट माझ्याकडे. मी चहाचा ट्रे घेऊन उभा, अंगात काळा कोट. सोयरीक मोडू नये म्हणून मीही मान हलवली. एकांतात तरी ‘तू खरो’ म्हणेल, अशी वाट बघत राहिलो... तो फिकट निळे शर्ट घालून बँकेत जाऊ लागला. मी काळाच राहिलो.

बाराव्याला वहिनी त्याचं कपाट आवरत होत्या. तळातून तो कोट निघाला, इस्त्री केलेला. म्हणजे विसरला नव्हता तर. मला राहवेना.

‘वहिनी, पद्या कधी गॉथचा काय सांगी?’

‘सांगत ना,’ कोटाची घडी घालत त्या म्हणाल्या. ‘मालवणात गॉथ म्हणजे मी एकटोच होतंय, म्हणत.’