नावाखालची रेघ

नव्या माणसाची ओळख झाली की सर त्याचं आडनाव विचारत नसत. चष्मा कपाळावर चढवून म्हणत, "आजीच्या मायचं नाव काय जी?" समोरचा डोकं खाजवू लागे. मग सर हळूच म्हणत, "मलेही नाई मालूम." त्या काळी तुम्ही घाटंजीत राहिला असाल, तर बाजाराच्या दिवशी तुम्हालाही त्यांनी असंच अडवलं असेल.

एका कृषी केंद्राच्या माडीवर त्यांचा कॉम्प्युटर क्लास होता. कापसाची ती वाईट वर्षं. क्लासची पोरं गळत चालली होती आणि अर्धे कॉम्प्युटर चादरीखाली झाकलेले असत. त्या रिकाम्या होत चाललेल्या खोलीत सरांनी वंशावळीचं सॉफ्टवेअर करायचं मनावर घेतलं. ते कुणाच्या मालकीचं नसेल. ज्याला हवं त्याने फुकट घ्यावं, उघडून बघावं, सुधारावं. सर बौद्ध कुटुंबातले. आजोबांच्या मागचं एकही नाव त्यांना सापडलं नव्हतं. "आमच्या लोकायचं कोनी लिवूनच नाई ठेवलं," म्हणत.

आम्ही तिघंच होतो. सर, नागपूरहून रविवारी येणारा निखिल आणि मी. प्रोग्रॅम निखिल लिहिणार होता. मी शाळेत मराठी शिकवत असे, म्हणून नात्यांचे शब्द जमवायचं काम माझ्याकडे. बंजाऱ्यांच्या तांड्यावरून मी त्यांच्या गोरबोलीतले शब्द विचारून आणले, तेव्हा सर दिवसभर एकच शब्द घोळवत होते. "याडी म्हंजे माय. पाहा मॅडम, कसा गोड हाये. हा पडद्यावर दिसलाच पाह्यजे." निखिलने आराखड्यात जातीचा रकाना टाकला होता. तो सरांनी खोडला.

एका रविवारी लहान मुलीचा हात धरून वंदना नावाची बाई माडी चढून आली. केळापूरकडच्या एका गावातली. नवरा वारला होता. कसा वारला, हे त्या वर्षांत आमच्याकडे कुणी विचारत नसे.

"इथं वंशावळ करून देतेत म्हने?"

सासऱ्याने जमिनीच्या वारसनोंदीसाठी तलाठ्याकडे दिलेल्या वंशावळीत तिच्या नवऱ्याच्या नावाखाली रेघच नव्हती. ना तिचं नाव, ना तिच्या मुलीचं, कोमलचं.

"आमचं तं अजून ठरूनच राह्यलं, बाई," सर म्हणाले.

"मंग कवा होईन?"

सरांनी तिच्या गावाचं नाव लिहून घेतलं. दुसऱ्या दिवशी ते मला घेऊन एसटीने तिच्या गावी गेले. तिच्या म्हाताऱ्या सासऱ्याने ओट्यावर सतरंजी टाकली, चहा सांगितला.

"पोरगी उद्या लगन करून जाईन," तो म्हणाला. "तिची रेघ कायले वढायची?"

"बाबा, पोरगी तुमच्या लेकाचीच हाये ना?"

"हाये."

"मंग तेवढंच लिवा."

म्हाताऱ्याने समोरच्या शेतातल्या कापसाच्या पऱ्हाटीकडे नजर वळवली. "लेकच नाई राह्यला, सर. आता कोनाचं नाव कायले लिवू?" आणि उठून आत गेला.

पुढच्या रविवारी निखिलने नवा आराखडा आणला. कुटुंबप्रमुखाने मान्य केल्याशिवाय नाव नोंदवलं जाणार नाही, असा त्यात नियम होता.

"सर, नाहीतर कुणीही काहीही टाकेल. खरं-खोटं कोण ठरवणार?"

"आन् कोमलचं नाव कोन टाकन? तो म्हातारा?"

"एका पोरीसाठी नियम नाही बदलता येत, सर."

"मले तं आता तिच्याचसाठी करायचं हाये."

निखिलचं चुकलं असं मला आजही वाटत नाही. पण तो पुन्हा आला नाही. पुढे त्याला पुण्यात नोकरी लागली.

मग सर स्वतः प्रोग्रॅम लिहायला शिकू लागले. पन्नाशी उलटलेली, पायावर सूज. एके दुपारी मला त्यांनी बोलावून घेतलं. पडद्यावर 'वंदना', खाली एक रेघ, रेघेखाली 'कोमल'. एवढंच. मी काही बोलणार, तोच लोडशेडिंगची वेळ झाली आणि पडदा काळा झाला.

"सेव करनं अजून जमून नाई राह्यलं," सर म्हणाले. वीज आल्यावर त्यांनी दोन्ही नावं पुन्हा टाइप केली.

त्यांच्या किडन्या निकामी झाल्या होत्या. लेकाने त्यांना नागपूरला नेलं. फोनवर दर वेळी विचारत, "वंदनाबाईचं काई समजलं काय?" ती भावाकडे वणीला गेली, एवढंच मला कळलं होतं. पुढचं कुणालाच ठाऊक नव्हतं. "पाहू," सर म्हणत आणि दम लागला की फोन ठेवत. उन्हाळ्यात ते गेले.

त्यानंतरच्या एका रविवारी बाजारातून येताना पाय आपसूक माडीकडे वळले. जिना चढून गेले, तर क्लासच्या दारापर्यंत बियाण्यांची पोती रचलेली होती. फवारणीच्या औषधांचा उग्र वास नाकात गेला. पोत्यांमागून हमालाने डोकं वर काढलं.

"कोन पाह्यजे, मॅडम?"

"कोणी नाही," मी म्हणाले आणि कठडा धरून खाली उतरले.