मधलं जाईल, कडेचं राहील

"मधलं जाईल, कडेचं राहील," डॉक्टर म्हणाले. अकोल्याच्या दवाखान्यात माझी ओसीटी, म्हणजे डोळ्याच्या पडद्याची तपासणी, नुकतीच झाली होती. आजाराचं नाव स्टारगार्ट. यात अक्षरं आणि चेहरे ओळखणारा पडद्याचा मधला भाग झिजत जातो. औषध नाही.

तपासणीसाठी डोळ्यांत थेंब घातल्यामुळे बाहेरचा उजेड दुधासारखा सगळीकडे सांडलेला दिसत होता. घाबरायला हवं होतं, पण तो उजेड फार सुंदर होता. भीती खामगावला घरी आल्यावर वाटली.

मी बीएच्या दुसऱ्या वर्षाला होते. समोर पाहिलं की माणसाच्या चेहऱ्याच्या जागी ओल्या बोळ्यानं पुसलेली पाटी. नजर जरा बाजूला नेली की कानातले, खिडकीचे गज, कडुनिंबाची फांदी तरंगत येई. मी अशी तिरकी बघते म्हणून मैत्रिणींना वाटे, ही भाव खाते. परीक्षेत माझ्या ओळी एकमेकींवर चढल्या आणि मी इतिहासात नापास झाले.

बाबा म्हणाले, "आता एकच खेप. नाही जमलं त कॉलेज बंद."

मग कॉलेजातल्या मॅडमनी सांगितलं की माझ्यासारख्यांना परीक्षेत आपण सांगू ते लिहिणारा लेखनिक मिळतो, जादा वेळही मिळतो. मला हे माहीतच नव्हतं. तुमच्यावर अशी वेळ आली तर लाजू नका, कॉलेजात विचारा. त्याआधी बुलढाण्याच्या सरकारी दवाखान्यातून अपंगत्वाचा दाखला काढावा लागतो. तिथल्या बाकावर ताटकळताना मी माणसं चपलांच्या आवाजावरून ओळखायला शिकले.

लेखनिक म्हणून साखरखेर्ड्याची पूजा मिळाली, पहिल्या वर्षाची. इतिहासाच्या पेपरला आम्हाला वेगळी खोली दिली. मी डोळे मिटून सांगायची. जुनी राज्यं, लढाया, तह डोळ्यांपुढून संथ वाहत जायचे आणि मागून तिच्या पेनाची कुरकुर. मला अगदी गुंगी आल्यासारखं झालं होतं.

कुरकुर थांबली. खोलीवर लक्ष ठेवणारे सर व्हरांड्यात गेले होते.

"ताई, हे चुकलं तुमचं," पूजा कुजबुजली. "मी बराबर लिवू का? कोणी पाहून नाही राह्यलं."

मला पास व्हायचं होतं. फार व्हायचं होतं. हो म्हणायला कितीसा वेळ लागतो!

"नको. म्या सांगतलं तसंच लिव. मले तुहा हात पाह्यजे पूजा, डोकं नाही."

"अन् नापास झाल्या त?" तिला रडू येत होतं.

"त होईन."

तिनं नाक ओढलं आणि लिहिलं. त्या पोरीचे उपकार मी विसरणार नाही. माझी चूक लिहिताना तिचा जीव तुटला, तरी तिनं ती माझ्यासाठी लिहिली.

मी पास झाले, अगदी काठावर. शेजारच्या काकू पेढा खाता खाता बाबांना म्हणाल्या, "पोरगी पास झाली खरी, पन पेपर त दुसरीनंच लिवला ना?"

मीच म्हटलं, "काकू, अक्षर तिचं व्हतं. चुका समद्या माह्या."

बाबा मोठ्यानं हसले. अकोल्याहून आल्यापासून त्यांचं हसू मी ऐकलंच नव्हतं.

"त्या पोरीले सांगजो," ते म्हणाले, "पुढच्या सालीबी यायचं हाय."