मास्तरांच्या पोटावरची फुली

इन्सुलिन सुरू करायचं म्हटलं की आमच्या दवाखान्यातले पेशंट डॉक्टरांपुढे मान डोलावतात आणि रडतात सिस्टरांच्या खोलीत. मोठ्या माणसांना स्वतःच्या हातानं सुई टोचून घ्यायला शिकवणं, हेच सिस्टरांचं काम. बाहेर नंबर पुकारतो तो मी. त्यांचं दार नीट लागत नाही म्हणून आतलं दिसतं आणि ऐकूही येतं; कान देऊन ऐकायची मला सवय नाही.

एकदा एक टेलरमास्तर बायकोसोबत आले. गोळ्या पुरेनाशा झाल्या होत्या, साखर चढून नजर धूसर झाली होती. सुईत दोरा ओवायलाही बायको लागायची. नजर सुधारली नाही तर दुकानाला कुलूप, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. तरी चाळीस वर्षं सुईशी संसार केलेला हा माणूस इन्सुलिनचं पेन बघून खुर्चीसकट मागे सरकला.

सिस्टरांनी नेहमीप्रमाणे एक कोरी सुई आधी स्वतःच्या पोटाला टोचून दाखवली. चेहऱ्यावरची रेषसुद्धा हलली नाही. मग मास्तरांनी डोळे मिटून टोचली आणि झालं का म्हणून विचारलं. रोज जागा बदला, असं सिस्टरांनी बजावलं. पण सुटलो एकदाचा, या आनंदात मास्तरांचं लक्ष कुठलं असायला?

महिना गेला, डोस वाढला, साखर हलेना. हे चोरून गोड खातात, असं बायकोनं जाहीर केलं. मास्तर शपथा घेत होते. खरं सांगतो, मलाही ते थापाच मारताहेत असं वाटलं. सिस्टरांनी कुणालाच बोल लावला नाही. त्यांनी मास्तरांना सदरा वर करायला सांगून पोट चाचपलं. बेंबीच्या उजवीकडे सुपारीएवढी गाठ होती, आणि तिच्यावर निळ्या खडूची नेटकी फुली.

"खूण एकदाच करायची असते, सिस्टर," मास्तर म्हणाले. "आणि तिथं दुखतही नाही."

सिस्टर हसल्या, मग ओशाळल्या. "चूक माझी. हे पोट मी आधीच बघायला हवं होतं."

एकाच जागी टोचून टोचून झालेल्या त्या गाठीतून औषध अंगात नीट जात नव्हतं. नव्या जागी ते जास्त लागू पडेल, म्हणून त्यांनी डॉक्टरांना विचारून डोस उतरवला, मास्तरांच्याच खडूनं पोटावर चौकटी आखल्या आणि रोज फोन करायला लावला.

दोन महिन्यांनी मास्तर आले तेव्हा सिस्टरांच्या कोटाचं बटण लोंबत होतं. मास्तरांनी खिशातून सुईदोरा काढला. बायकोनं सवयीनं हात पुढे केला, पण दोरा ओवून झाला होता. तिचा हात तसाच राहिला, डोळे भरून आले. गोड खाल्ल्याचा आळ मात्र तिनं घरी पोचल्यावर मागे घेतला म्हणे.