मोठ्या लेण्यातली झडती

"हात वर कर."

साहेब एवढंच म्हणाले आणि माझे हात वर गेले. पटकन. विचार करायच्या आत. घारापुरीच्या मोठ्या लेण्यात, पंचवीस पाहुण्यांसमोर, मी त्यांचा गाईड, बोटं पसरून उभा.

सतरा वर्षं पाळी सुटली की गिरणीच्या गेटवर असाच उभा राहायचो. जमादार काखेत, कमरेला, मांड्यांवर हात फिरवायचा. कापडाचा तुकडा चोरला नाही ना, ते बघायला. अंगवळणी पडलं होतं.

हे साहेब म्हणजे गिरणीतल्या आमच्या साचेखात्याचे, मागांच्या खात्याचे, मास्तर. गिरण्यांच्या संपाला दीड वर्ष झालं होतं आणि मी गेटवेवरून सहली नेणाऱ्या एका मालकाकडे लागलो होतो. सकाळी लाँच, मग लेणी, जेवण, टेकडीवरची तोफ, संध्याकाळी परत. बायको रोज बजावायची, "कोणाशी वाद घालू नका. हे पण गेलं तर लालबाग सोडून गावाक जावचा लागतला." म्हणून त्या सकाळी लाँचवर मास्तर दिसले तेव्हा मी तोंड फिरवून माणसं मोजायला लागलो.

त्यांनी ओळखलंच. "हा आमच्या खात्यातला संपवाला," सगळ्यांना म्हणाले. "साचे बंद पाडून आता दगड दाखवतोय." लोक हसले. मीही हसलो. त्याची लाज अजून जात नाही.

लेण्यात त्यांच्या बाईसाहेबांचा कॅमेरा दिसेना. मास्तरांनी दुसऱ्या कोणाला विचारलं नाही. सरळ माझ्याकडे आले.

माझ्या खिशातून कागद निघाला. लेण्यांची माहिती, पाठ करायला मी लिहून घेतलेली. माझं वाकडं अक्षर त्यांनी मोठ्याने वाचून दाखवलं. मग हात कमरेकडे आला. नोकरी गेली, एवढंच डोक्यात.

तेवढ्यात समोरच्या एका लहान मुलीने माझं बघून आपलेही हात वर केले. माझ्या लेकीएवढी असेल. तिच्या आईने घाईघाईने ते खाली ओढले.

"तुझे नाहीत गं. त्यांचेच."

त्यांचेच.

मी हात खाली घेतले. जड झाले होते.

"साहेब, हे गिरणीचं गेट नाय. झडती देणार नाय. पोलीस बोलवा."

साच्यांच्या खडखडाटात बोलायची सवय. आवाज लेणंभर घुमला, मीच दचकलो.

"उद्यापासून तू कामावर दिसणार नाहीस," मास्तर म्हणाले.

कॅमेरा बाईसाहेबांच्याच पिशवीत, पुऱ्यांच्या डब्याखाली मिळाला. मी सगळ्यांना तोफ दाखवली, लाँचमध्ये बसवलं.

दुसऱ्या दिवशी मालकाने काढलं. बायको रडली. "जावा, साहेबांच्या पाया पडा." मी गेलो नाही.

भीती गेली असं कोणी समजू नये. कडक आवाजात कोणी बोललं की खांदे आजही वर जातात. मी ते दाबून धरतो. आणि लेकीला एकच शिकवलंय. कोणी "हात वर" म्हणालं, तर आधी विचारायचं, कोणाकोणाचे? उत्तर मिळेपर्यंत हात खाली.