निजायला हातभर जागा

लढाईच्या दिवसांत चुडाव्याच्या स्टेशनावर दिसलेली ती म्हातारी अजून आठवते. तिचा मुलगा मुंबईच्या गोदीत जहाजांचे नकाशे काढायचा. रजा संपवून परत निघाला होता. गाडी येईपर्यंत त्याने काडीने धुळीत एक जहाज काढलं.

"ही जुनी गस्तीची बोट हाय, माय. तिलाच वाढवून लढाईचं जहाज करायलोत. हितं तोफा बसवायच्यात."

समुद्र तिने पाहिलेला नसावा. पदर सावरून ती वाकली. "आन् त्यावरली पोरं निजतील कुठं?"

"दाटीवाटीनं. तोफांनीच जागा खाल्ली."

"त्यायला बी माय हाय की रे. हातभर जागा वाढव."

गाडी आली, तो चढला. गाडी हलल्यावर खिडकीतून म्हणाला, "सायबाला इचारून बघतो."

गाडीच्या बाजूने चालत ती ओरडली, "सायबाला म्हणावं, माझ्या मायनं सांगितलंय!"